नोबडीचं काय चुकलं

‘माय नेम इज नोबडी’ हा 1973चा सिनेमा सुरू होतो न्हाव्याच्या दुकानात. तिघेजण गावात येतात, न्हाव्याला आणि त्याच्या लहान पोराला बांधून आत टाकतात. एकजण न्हाव्याचे कपडे चढवून वस्तरा हातात घेतो. बाकीचे दोघे बाहेर रोजची कामं करत असल्याचा आव आणतात. एक घोड्याला खरारा करतो, दुसरा गाईची धार काढायला बसतो. मग जॅक बोरगार्ड येतो आणि दाढी करून घ्यायला खुर्चीत बसतो. जवळजवळ कुणीच काही बोलत नाही. ऐकू येते ती वस्तऱ्याची खरखर, खराऱ्याची घासघास आणि भांड्यात पडणाऱ्या दुधाच्या धारेचा आवाज. वस्तरा गळ्याशी येतो तेव्हा आपल्याला दिसतं, की बोरगार्डच्या पिस्तुलाची नळी त्या तोतया न्हाव्याच्या जांघेत रुतलेली आहे. मग दाढी अगदी नीट, शेवटपर्यंत होते. एक ओरखडा उठत नाही. त्यानंतर गोळ्या सुटतात, तिघेही आडवे होतात, आणि न्हाव्याचा पोरगा बापाला विचारतो, याच्यापेक्षा झटपट पिस्तूल काढणारा कुणी असेल का? बाप म्हणतो, कुणीच नाही, म्हणजे ‘नोबडी’.

विनोदी वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या पिस्तूलबाजांचा विनोदी सिनेमा, कसा असावा याचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. हसू येतं, आणि ते येत असताना आपला श्वास अडकलेला असतो. ज्याच्या गळ्यावर वस्तरा आहे तो आणि ज्याच्या जांघेत पिस्तूल आहे तो, दोघेही सभ्यपणे गिऱ्हाईक आणि न्हावी यांची भूमिका पार पाडताहेत, यात जी गंमत आहे ती भीतीतूनच आलेली आहे. भीती काढून घेतली तर उरेल काय? एक माणूस दाढी करून घेतोय, एवढंच.

पुढचे जवळजवळ दोन तास हा सिनेमा ही गोष्ट पुन्हापुन्हा विसरतो. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच तो कुठे आणि का घसरतो हे मला सविस्तर लिहायचं आहे. सुमार सिनेमाच्या चुका कुणी आठवत बसत नाही. पण इतकी मोठी कल्पना हातात असताना, हेन्री फोंडासारखा नट समोर असताना आणि एन्निओ मॉरिकोनेचं संगीत पाठीशी असताना जे निसटलं, त्याची हळहळ जात नाही.

आधी थोडं मागे जायला हवं. सर्जिओ लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ 1964 साली आला आणि इटलीत वेस्टर्न सिनेमांची लाट उसळली. दिग्दर्शक इटालियन, पैसा कधी इटलीचा, कधी स्पेनचा, कधी जर्मनीचा, आणि अमेरिकेचं वाळवंट म्हणून दिसायचं ते बहुतेक वेळा दक्षिण स्पेनमधलं अल्मेरिया. संवाद नंतर डब व्हायचे, त्यामुळे एकाच दृश्यात चार देशांचे नट आपापल्या भाषेत बोलत असले तरी काही बिघडायचं नाही. हे वेस्टर्न अमेरिकी वेस्टर्नपेक्षा मळकट होते, क्रूर होते. त्यातला नायक पैशासाठी माणूस मारायचा, आणि दाढी वाढलेल्या, घामेजलेल्या चेहऱ्यांकडे कॅमेरा अगदी जवळून, बराच वेळ पाहत राहायचा. काही वर्षांत असे शेकडो सिनेमे निघाले. एवढ्या संख्येनं एकच गोष्ट सांगितली गेली की तिची नक्कल करून हसवणारा कुणीतरी येतोच.

तो आला 1970 मध्ये. एन्झो बारबोनी हा मूळचा छायालेखक. 1966च्या ‘जॅंगो’चं अंधारं, चिखलानं माखलेलं चित्रण त्याचंच. त्यानं ‘दे कॉल मी ट्रिनिटी’ दिग्दर्शित केला. नायक टेरेन्स हिल, म्हणजे व्हेनिसमध्ये जन्मलेला मारिओ जिरोत्ती, निळ्या डोळ्यांचा आणि निरागस हसणारा. त्याच्या जोडीला धिप्पाड बड स्पेन्सर, म्हणजे कार्लो पेडरसोली, जो सिनेमात येण्याआधी इटलीकडून ऑलिंपिकमध्ये पोहलेला होता. या सिनेमात ट्रिनिटीचं पहिलं दर्शन होतं ते घोड्यामागे फरफटत येणाऱ्या खाटेसारख्या ओंडक्यांवर पसरलेलं. घोडा चालतोय, हा झोपलाय. मग खानावळीत शिरून तो तवाभर राजमा एका दमात फस्त करतो. रक्त जवळपास नाही, थपडा आणि गुद्दे मात्र भरपूर. इटलीतली सगळी कुटुंबं मुलाबाळांसह थिएटरात लोटली, आणि पुढच्याच वर्षी आलेला दुसरा भाग पहिल्याहून जास्त चालला.

ज्या लिओनेनं तो अख्खा प्रकार उभा केला होता, त्याला हे जिव्हारी लागणं साहजिक होतं. पण त्यानं जे केलं ते फार हुशारीचं होतं. त्यानं टेरेन्स हिललाच घेतलं आणि त्याच्यासमोर हेन्री फोंडाला उभं केलं. थट्टा करणारा आणि ज्याची थट्टा केली तो, असे दोघे एकाच चौकटीत. निर्माता म्हणून लिओने मागे राहिला. दिग्दर्शन दिलं टोनिनो वलेरीला, जो ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’वर त्याचा सहायक होता. पटकथा एर्नेस्तो गास्ताल्दीची. गोष्टीचा काळ 1899, म्हणजे शतक संपायला आलंय, रेल्वे आली आहे, फोटो काढणारे आले आहेत, आणि पिस्तुलाच्या जोरावर नाव कमावलेल्या माणसांना आता कुठे जावं हा प्रश्न पडला आहे.

फोंडाविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण या सिनेमाचं सगळं वजन त्याच्या चेहऱ्यावर आहे. 1946च्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’मध्ये दिग्दर्शक जॉन फोर्डनं त्याला वायट अर्प, म्हणजे जुन्या पश्चिमेतला नामांकित कायदारक्षक केलं. अमेरिकी प्रेक्षकासाठी फोंडा म्हणजे सरळ, सज्जन माणूस. 1968 साली लिओनेनं ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये त्याच सज्जन चेहऱ्याला एका लहान मुलावर पिस्तूल रोखायला लावलं. फोंडा म्हणे खलनायक दिसावा म्हणून डोळ्यांत तपकिरी भिंगं घालून आणि मिशा लावून सेटवर आला होता, आणि लिओनेनं ते सगळं काढायला लावलं; त्याला ते निळे डोळेच हवे होते. ‘नोबडी’पर्यंत येताना फोंडाच्या मागे ही सगळी वाटचाल आहे. त्याचं वय सत्तरीकडे झुकलेलं. बोरगार्ड म्हणून तो थकलेला आहे आणि ते लपवत नाही. त्याला चष्मा लागतो. त्याला एवढंच हवंय, की युरोपला जाणारं जहाज गाठावं आणि उरलेलं आयुष्य कुणी पिस्तूल न रोखता जावं.

नोबडीला, म्हणजे टेरेन्स हिलनं केलेल्या तरुण पिस्तूलबाजाला, मात्र हे मान्य नाही. तो लहानपणापासून बोरगार्डच्या गोष्टी ऐकत वाढलाय. कुठल्या लढतीत किती पडले, सगळं तोंडपाठ. असा माणूस गुपचूप जहाजात बसून निघून जातो म्हणजे काय? त्यानं इतिहासाच्या पुस्तकात जावं असा शेवट हवा: एकटा बोरगार्ड एका बाजूला आणि दीडशे घोडेस्वारांची ‘वाइल्ड बंच’ ही लुटारूंची टोळी दुसऱ्या बाजूला. ही लढत बोरगार्डला नको आहे. ती घडवून आणायचीच असा चंग नोबडीनं बांधलाय.

ही कल्पना किती भयंकर आहे ते बघा. एक चाहता आपल्या देवाला सांगतोय, तू कसा मरावास ते मी ठरवलंय. हे त्याचं प्रेमच आहे, आणि त्या प्रेमाला समोरच्या माणसाची काही पर्वा नाही. म्हातारा म्हणतो मला झोप हवी, पोरगा म्हणतो नाही, तुला दंतकथा व्हायचंय. या एका ताणावर अख्खा सिनेमा उभा राहिला असता. जिथे हे दोघे समोरासमोर येतात तिथे तो उभा राहतोही.

त्या दोघांची पहिली गाठ पडते ती नदीवर. नोबडी पाण्यात उभा आहे, हातात लाकडी सोटा, नजर पाण्यावर बसलेल्या किड्यावर. तो हलत नाही. मासा किड्यासाठी वर येणार आणि तेव्हा याचा फटका बसणार. बोरगार्ड घोड्यावरून जाता जाता हे पाहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते फक्त जुना, अनुभवी नटच करू शकतो: थोडं कौतुक, थोडी काळजी, आणि ‘हा कोण?’ हा न विचारलेला प्रश्न. टेरेन्स हिल इथे काहीच करत नाही, आणि तो इथे सगळ्यात चांगला आहे. नंतर तो बोरगार्डला घरट्यातून पडलेल्या पिल्लाची गोष्ट सांगतो. गारठलेल्या पिल्लावर गाय शेण टाकते, त्या उबेनं ते वाचतं, चिवचिवायला लागतं, आणि तो आवाज ऐकून आलेला कोल्हा त्याला बाहेर काढतो, स्वच्छ करतो आणि खाऊन टाकतो. गोष्ट जुनी आहे, आपल्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे ऐकली असेल. ती रंगते ती फोंडाच्या ऐकण्यामुळे. याला आता काय म्हणायचंय, असा वैतागलेला चेहरा करून तो ऐकतो, आणि तरीही मधून उठून जात नाही.

मला वाटतं सिनेमाची नाडी इथेच सापडते. हिल फोंडासमोर असतो तेव्हा विनोद जिवंत असतो. फोंडा पडद्यावरून गेला आणि समोर नुसते मार खाणारे आले की विनोद मरतो. तमाशाच्या वगात सोंगाड्या कितीही आगाऊपणा करो, त्याच्यासमोर राजा राजासारखा बसलेला असावा लागतो. राजाच उठून गेला तर सोंगाड्या एकटा काय करणार? ‘नोबडी’च्या मधल्या तासाभरात नेमकं हेच होतं. राजा बराच वेळ रंगमंचावर नाही, आणि सोंगाड्याला कुणी थांबवत नाही.

सलूनमधलं दृश्य घ्या. पैज अशी, की दारूचा ग्लास रिकामा करायचा, खांद्यावरून मागे उडवायचा, वळायचं आणि खाली पडायच्या आत गोळीनं फोडायचा. नोबडी पितो, उडवतो, फोडतो. पहिल्यांदा छान वाटतं. मग तेच परत. आणि परत. मग एकजण त्याला आव्हान देतो आणि थपडांचा कार्यक्रम सुरू होतो: समोरच्याचा हात पिस्तुलाकडे जायच्या आत याचं पिस्तूल निघालेलं, परत म्यानात गेलेलं, आणि मधल्या क्षणात गालावर थप्पड बसलेली. हालचाली पळवलेल्या, मूकपटात माणसं तुरुतुरु धावायची तशा. दृश्य एका थपडेत संपायला हवं होतं. एका थपडेनं कळतं की हा माणूस कुणापेक्षाही चपळ आहे आणि त्याला मारायची हौस नाही. दुसरी, तिसरी, चौथी थप्पड आपल्याला नवं काहीच सांगत नाही.

मी एकदा एक साधा प्रयोग करून पाहिला. न्हाव्याच्या दुकानातलं दृश्य डोळे मिटून नुसतं ऐकलं. वस्तरा, खरारा, दूध, मध्येच सगळं थांबतं, परत सुरू होतं. अंगावर काटा येतो. मग थपडांचं दृश्य आवाज बंद करून पाहिलं. ते काही क्षणांतच निव्वळ कसरत होऊन जातं. त्यात जे काही आहे ते चट्चट् आवाजात आणि पळवलेल्या चित्रात आहे. माणसांमध्ये काहीच घडत नाहीये. पहिल्या दृश्यात तिघं-चौघं आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी गमवायचं आहे. दुसऱ्यात खोली भरून माणसं आहेत आणि कुणालाच काही गमवायचं नाही.

माझा भाचा तेव्हा शाळकरी होता. त्याच्याबरोबर हा सिनेमा पाहत होतो. पहिल्या थपडेला तो खदखदून हसला. पुढे जत्रेचा लांबलचक भाग आला. आरसेमहालात गुंड प्रतिबिंबांवर गोळ्या झाडत बसतात, गुद्दा मारला की गर्रकन फिरून उलटा तडाखा देणारा पुतळा येतो. तोवर तो शांत झाला होता. म्हणाला, “मामा, हा कधी हरणारच नाही ना?” मी म्हटलं, नाही. “मग ठीक आहे,” म्हणाला आणि आतून लाडू आणायला गेला. घाईघाईनं परत आला नाही. काही चुकेल अशी भीतीच त्याला उरली नव्हती.

आपण भारतीय प्रेक्षक या प्रकाराला अगदीच परके नाही. ‘शोले’ 1975चा. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचं दृश्य ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या त्या शेतघराच्या दृश्याची आठवण करून देतं, हे अनेकांनी लिहिलं आहे. मला त्याहून मोठं साम्य आणि मोठा फरक विनोदाच्या हाताळणीत दिसतो. ‘शोले’तही भरपूर विनोद आहे: जेलर आहे, सुरमा भोपाली आहे, टाकीवर चढलेला वीरू आहे. पण ठाकूरच्या अंगणात तो विनोद शिरत नाही. आणि गब्बर जेव्हा हसतो, तेव्हा काय होतं ते आठवा. तिन्ही माणसं वाचली म्हणून तो हसायला लागतो, ती तिघं हसतात, आजूबाजूचे सगळे डाकू हसतात, हसणं वाढत जातं, आणि त्या हसण्याच्या मधोमध तो तिघांनाही उडवतो. ते हसू न्हाव्याच्या दुकानातल्या हसण्याचं सख्खं भावंड आहे. ‘नोबडी’ला हे येत होतं. पहिल्याच दृश्यात त्यानं ते करून दाखवलं होतं.

रेल्वेच्या मुतारीतलं दृश्य पण याच दुखण्याचं. इंजिन चालवणारा लघवीला आलाय, नोबडी शेजारी उभा राहून त्याच्याकडे टक लावून पाहत राहतो, आणि त्या बिचाऱ्याला काही केल्या होत नाही. तो तिथे अडकलेला असताना इकडे सोन्यानं भरलेली गाडी पळवली जाते. विनोद अगदी टाकाऊ नाही. पण तो वेळ कुठे खातो? बोरगार्डच्या शेवटच्या लढतीच्या तोंडावर. जिथे आपल्या पोटात गोळा यायला हवा, त्याच्या आधी पटकथेला मुतारी सुचते. सिनेमाला आपल्याच गांभीर्याची लाज वाटल्यासारखी मला ही जागा दरवेळी वाटते.

आणि मग ती लढत येते, आणि सगळं परत जागेवर बसतं. मोकळं रान, लोहमार्ग, आणि लांबून धुरळा उडवत येणारे दीडशे घोडेस्वार. मॉरिकोनेनं इथे जे केलंय त्याला तोड नाही. ‘वाइल्ड बंच’ची धून दौडत येते आणि तिच्या मधूनच जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘राइड ऑफ द वॉल्किरीज’चे सूर डोकावतात. थट्टाच आहे ती, पण तिनं टोळीचा आकार कमी होत नाही, उलट वाढतो. बोरगार्ड चष्मा काढतो, डोळ्यांवर चढवतो. इतिहास घडवायला निघालेल्या माणसाला लांबचं स्पष्ट दिसत नाही. घोड्यांच्या खोगिरांना लटकवलेल्या पिशव्यांत डायनामाइट आहे, त्या पिशव्यांवरचे धातूचे तुकडे उन्हात चमकतात, आणि बोरगार्ड त्या चमकेवर नेम धरतो. एकेक स्फोट होतो, आणि मधूनमधून चित्र गोठतं, पुस्तकाच्या पानावरचं छापील चित्र होतं. पुढच्या पिढ्या ही लढत जशी पाहणार तशी ती आपण घडत असतानाच पाहतोय. विनोद, भीती आणि खिन्नता तिन्ही इथे एकत्र आहेत. ज्यांना हे जमलं त्यांना मधला तास का जमू नये, हा माझा प्रश्न आहे.

अर्थात इथेही एक उणीव आहेच. दीडशे जणांच्या त्या टोळीला चेहरा नाही. जेफ्री लुइससारखा चांगला नट टोळीचा म्होरक्या आहे, पण त्याला करायला काय दिलंय? ही माणसं कोण, एवढी एकत्र का राहिली, बोरगार्डशी त्यांचं वैर काय, याचा पत्ता नाही. सिनेमा जुन्या पश्चिमेच्या मरणाचं गाणं गातोय, आणि ही टोळीही त्याच मरणाऱ्या जगातली आहे. त्यांच्या मरणाचं मात्र त्याला काही वाटत नाही. ‘वाइल्ड बंच’ हे नाव सॅम पेकिन्पाच्या 1969च्या सिनेमावरून आलंय हे उघड आहे. पेकिन्पानं आपल्या लुटारूंना त्यांच्या शेवटच्या चालत जाण्यात जी प्रतिष्ठा दिली, तिचा इथे मागमूस नाही. उलट न्यू मेक्सिकोतल्या ॲकोमा पुएब्लोच्या स्मशानातलं दृश्य आहे त्यात एका थडग्यावर पेकिन्पाचंच नाव कोरलेलं दाखवलंय, आणि नोबडी ते वाचून शेरा मारतो. लोक या जागेला हसतात. मला ती कोती वाटते. त्या काळात जुन्या पश्चिमेसाठी मनापासून रडलेला आणखी एक दिग्दर्शक असेल तर तो पेकिन्पा. आपल्याच दुःखाच्या भागीदाराला थडग्यात घालण्यात कसली मजा?

आणि हे अशा दृश्यात, जिथे बोरगार्ड आणि नोबडी पहिल्यांदा खरोखर एकमेकांना जोखतात. दोघांची पिस्तुलं, नोबडीच्या टोपीला पडलेली भोकं, आणि म्हाताऱ्याच्या लक्षात येणं, की हा पोरगा आपल्याला मारायला आलेला नाही. याला आपल्याकडून त्याहून मोठं काहीतरी हवंय. ते दृश्य अजून दोन मिनिटं चाललं असतं तर चाहत्याच्या त्या क्रूर प्रेमाच्या गाभ्यापर्यंत पोचलं असतं. सिनेमा तिथून निघून परत जत्रेत जातो.

खाणवाल्या सलिव्हनचं उपकथानक तर मला पुन्हा पाहतानाही नीट लक्षात ठेवावं लागतं. एक फसवी सोन्याची खाण, टोळीनं लुटलेलं सोनं त्या खाणीतलं म्हणून दाखवायची युक्ती, बोरगार्डचा मारला गेलेला भाऊ नेवाडा किड. यातून एक सुंदर गोष्ट निघते: बोरगार्ड भावाचा सूड घेत नाही, प्रवासापुरते पैसे घेतो आणि चालू लागतो. वेस्टर्नमध्ये सूड न घेणं ही केवढी मोठी घटना आहे! पण भाऊ आपल्याला कधी भेटलेलाच नाही, त्याच्याविषयी बोरगार्ड धड दोन वाक्यं बोलत नाही, त्यामुळे त्यानं काय सोडून दिलं ते आपल्याला लागत नाही. बायका तर या सिनेमात जवळजवळ नाहीतच. 1968च्या सिनेमात लिओनेनं क्लॉदिया कार्दिनालेच्या जिलला गोष्टीच्या मधोमध उभं केलं होतं. नवं जग कुणाच्या हातात जाणार हे तिच्याकडे पाहून कळायचं. इथे नवं जग म्हणजे फक्त टेरेन्स हिलचं हसू.

शेवटी न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर, गर्दीच्या आणि फोटोग्राफरच्या साक्षीनं नोबडी आणि बोरगार्ड यांचं द्वंद्व होतं. फोटोग्राफर दोघांना आपल्या चौकटीत बसवतोय. बोरगार्ड पडतो, फोटो निघतो, थडगं बांधलं जातं. आणि खरा बोरगार्ड जहाजात बसून नोबडीला पत्र लिहितो. मरण नाटकी होतं, पण त्या नाटकामुळे दोघांनाही हवं ते मिळालं. चाहत्याला दंतकथा, म्हाताऱ्याला झोप. फार देखणी सोडवणूक आहे ही.

ते पत्र मात्र थांबत नाही. फोंडाच्या आवाजात ऐकायला ते बरं वाटतं, पण ते सगळंच सांगून टाकतं. देश कसा बदलला, एकट्या माणसाचे दिवस कसे सरले, पुढच्या काळातली हिंसा कशी वेगळी असेल, आणि त्या पिल्लाच्या गोष्टीचं तात्पर्य काय. ज्या सिनेमानं पहिल्या दृश्यात जवळजवळ एक शब्द न वापरता आपल्याला सगळं सांगितलं, त्यानं शेवटी आपल्यावर एवढा अविश्वास का दाखवावा? जहाजाच्या केबिनमध्ये चष्मा लावून लिहीत बसलेला फोंडा दिसला, तिथेच आपल्याला सगळं कळलेलं असतं. दोन ओळींचं पत्र पुरलं असतं.

या सिनेमातलं काय कुणी केलं यावर बरीच वर्षं वाद चालला. चांगलं ते सगळं लिओनेचं आणि फसलेलं ते वलेरीचं अशी सोयीची वाटणी बऱ्याच जणांनी करून टाकली. चित्रीकरण रखडलं तेव्हा लिओनेनं दुसरं युनिट हाती घेऊन काही दृश्यं स्वतः चित्रित केली हे खरं आहे. पण वलेरीनं मुलाखतींमध्ये सांगितलं ते असं, की सलूनमधली दारूची पैज आणि मुतारी यांसारखे भाग लिओनेनं केलेले. हे खरं धरलं तर मधल्या तासाचं वजन ज्याच्या खांद्यावर टाकलं जातं तो माणूस बराचसा निर्दोष ठरतो. ट्रिनिटीला हरवायला निघालेला लिओने त्या जागी ट्रिनिटीचीच भाषा बोलू लागला, असं मला वाटतं. दोन वर्षांनी टेरेन्स हिलला घेऊनच त्यानं ‘अ जीनियस, टू पार्टनर्स अँड अ ड्यूप’ निर्मिला, दामियानो दामियानीच्या दिग्दर्शनाखाली. त्यात फोंडा नव्हता, आणि नुसता सोंगाड्या राहिला की काय होतं ते तिथे धडधडीत दिसतं.

वलेरीकडे या विषयाचं उत्तर आधीपासून होतं. 1967 साली त्यानं ‘डे ऑफ अँगर’ केला होता. गावातली घाण उपसणारा, सगळ्यांनी हिणवलेला एक पोरगा, जुलिआनो जेम्मा, आणि गावात आलेला वयस्क पिस्तूलबाज, ली व्हॅन क्लीफ. पोरगा त्याच्यावर भाळतो, त्याचा शिष्य होतो, एकेक धडा शिकतो. शेवटी त्याच धड्यांनी त्याला गुरूला मारावं लागतं, आणि ते करून तो पिस्तूल टाकून देतो. भक्तीची किंमत काय असते हे त्या सिनेमाला नेमकं ठाऊक आहे, आणि ती किंमत तो वसूल करतो. ‘नोबडी’नं ती किंमत नाटकी मरण रचून माफ करून टाकली. ज्यांना ‘नोबडी’ आवडतो त्यांनी ‘डे ऑफ अँगर’ जरूर पाहावा, शक्यतो त्याच आठवड्यात. मला जो सिनेमा पाहायचा होता, तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे: ‘डे ऑफ अँगर’मधला हिशेब आणि न्हाव्याच्या दुकानातलं हसू, दोन्ही एकाच गोष्टीत. वलेरीला तो करता आला असता, असं मला आजही वाटतं.